स्टेपनीत हवा आहे का?

वाचनालयात त्यांना सगळे स्टेपनी म्हणत. तोंडावर ‘काका’, पाठीमागे ‘स्टेपनी’, आणि घाई असेल तेव्हा दोन्ही एकत्र करून ‘स्टेपनीकाका’. त्यांना याचा राग येत नसे. माणसाला टोपणनाव निदान कामावरून पडलं हे काय कमी आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मेहुण्याला आयुष्यभर सगळे ‘जांभई’ म्हणत आले होते.

नाव पडलं त्याची हकिगत अशी. नोकरीतली पहिली अठरा वर्षं काका वाचनालयाची फिरती गाडी चालवत. गाडीच्या पोटात दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं, मधे एक माणूस तिरका होऊन जाईल इतकी वाट, आणि मागच्या दाराला लटकवलेली स्टेपनी. दर सोमवारी काका ओल्या फडक्याने ती पुसत. इतकी काळीभोर, इतकी चकचकीत की दाढी करायला आरसा म्हणून चालली असती. तिच्यात हवा आहे का, हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही आपणहून सांगितलं नव्हतं.

एका बुधवारी खाणकामगारांच्या वस्तीकडे जाताना मधल्या माळावर चाक बसलं. काकांनी जॅक लावला, स्टेपनी उतरवली, चढवली, जॅक काढला आणि गाडी त्याच बाजूला पुन्हा बसली. जणू काही झालंच नव्हतं. वॉल्व्ह झिजून हवा कधीची निघून गेली होती. चाक खांद्यावर टाकून काका सात किलोमीटर चालले, हवा भरून, वॉल्व्ह बदलून परत आले तोवर दिवस कलला होता. वस्तीवर पोचायचं राहूनच गेलं.

पुढच्या बुधवारी ते शिव्या खायच्या तयारीने गेले. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दवाखान्यातली परिचारिका पुस्तक परत करताना एवढंच म्हणाली, “आम्ही थांबलो होतो.” बस्स. काकांना त्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या.

तेव्हापासून महिन्याचा पहिला शनिवार आला की काका गाडीचं चांगलं चाक काढत, स्टेपनी चढवत, पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी मारत, आणि परत येऊन सगळं होतं तसं करत. बघणाऱ्यांची करमणूक व्हायची.

“अहो, चांगलं चाक काढून खराब चाक काय लावता?”

“खराब कशाला असेल? न वापरलेलं आहे. खराब आहे की नाही तेच बघतोय.”

नाव पडलं ते असं.

पुढे गाडी भंगारात गेली आणि काकांची बदली झाली संगणकाच्या खोलीत. तात्पुरती. आता तात्पुरती म्हणजे निवृत्तीपर्यंत, हे नोकरदार माणसाला सांगावं लागत नाही. पहिला आठवडा काका माऊस वळवताना अंगही वळवत. उजवीकडे जायचं असलं की उजवा खांदा पुढे. पण यंत्राशी बोलायची माणसाला एकदा सवय असली की यंत्र कुठलंही असो, ओळख व्हायला वेळ लागत नाही. सहा महिन्यांत काका माऊस सरळ बसून चालवू लागले आणि वर्षभरात त्यांच्याकडे वाचनालयाची वेबसाइट आली.

ही वेबसाइट म्हणजे नुसती उघडण्या-मिटण्याच्या वेळा सांगणारी पाटी नव्हती. तिच्यावर ‘बोलकी पुस्तकं’ होती. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी गावातली माणसं पुस्तकं मोठ्याने वाचत, ती रेकॉर्ड होत आणि साइटवर चढत. वाचणाऱ्यांत एक शिंपी होता, दोन शिक्षिका होत्या, एक निवृत्त पोस्टमास्तर होते. गोष्टीची पुस्तकं तर होतीच, पण परीक्षांची पुस्तकं, नियमावल्या, असली रुक्ष आणि दुसरीकडे कुठे कुणी वाचून न ठेवलेली पुस्तकंही होती. चार हजारांच्या आसपास रेकॉर्डिंग. वाचणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नव्हते. आवाज मात्र ड्युटीवर हजर होते.

ऐकणाऱ्यांत सगळ्यात कडक म्हणजे इस्पितळातल्या टेलिफोन ऑपरेटरबाई. जन्मापासून दिसत नाही, पण कान असे की समोरच्याने फोनवर ‘हॅलो’ म्हटलं की तो उभा आहे की बसलेला हे ओळखतील. त्यांना बढतीची खात्यांतर्गत परीक्षा द्यायची होती, आणि तिची बावीस धड्यांची नियमावली जगात आवाजाच्या रूपाने एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे काकांच्या साइटवर. त्यामुळे आठवड्यातून एकदा त्यांचा फोन ठरलेला.

“काका, सातव्या धड्यात पंखा वाजतोय.”

“मी शिंप्याला सांगितलंय पुन्हा वाचायला.”

“काय म्हणतो?”

“म्हणतो, पंखा बंद केला की घाम येतो, आणि घाम आला की नियम चुकतात.”

“मग राहू दे. पण खर्रखर्र इतकी आहे की मला आता नियम आणि पंखा दोन्ही पाठ झालेत.”

साइट तयार करणाऱ्या कंपनीचा इंजिनियर महिन्यातून एकदा येई. काकांनी कारभार हाती घेतला त्या दिवशी त्याने पडद्यावर एक हिरवी टिक दाखवली. “हे बघा. रोज पहाटे सगळ्याचा बॅकअप होतो आणि रोज मेसेज येतो. चौदा महिन्यांत एक दिवस खाडा नाही.”

“बॅकअप म्हणजे स्टेपनीच ना?”

“हो, तसं समजा.”

“लावून बघितली का कधी?”

“काय?”

“स्टेपनी.”

इंजिनियर हसला. “काका, टिक हिरवी आहे.”

“आमची काळी कुळकुळीत होती,” काका म्हणाले.

काका असे सोडणाऱ्यांपैकी नव्हते. ते ग्रंथपालबाईंकडे गेले, अडगळीतला एक जुना संगणक मागून घेतला, आणि इंजिनियरला म्हणाले, “समजा आपली मुख्य मशीन आज जळाली. आता या रिकाम्या डब्यावर साइट उभी करून दाखवा.” इंजिनियरने दोन दिवस कुरकुर केली, पण केली उभी. वाचनालयाचं चिन्ह आलं, वेळा आल्या, पुस्तकांची लांबलचक यादी आली. इंजिनियरने हात पुसल्यासारखे केले. काकांनी मुद्दाम बोलावून घेतलेल्या ऑपरेटरबाई कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांनी नियमावली लावली.

“काका, काही ऐकू येत नाही.”

“आवाज वाढवा जरा.”

“वाढवला. शांतता मोठी झाली.”

दुसरं पुस्तक, तिसरं पुस्तक, तेच. इंजिनियरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तासाभरात उलगडा झाला. चौदा महिन्यांपूर्वी जुनी डिस्क भरली म्हणून सगळी रेकॉर्डिंग नव्या मोठ्या डिस्कवर हलवली होती. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला ते कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा रोज पहाटे जुन्या जागी जायचा, तिथल्या रिकाम्या खोलीची इमानेइतबारे नक्कल करायचा आणि ‘काम फत्ते’ म्हणून कळवायचा. म्हणजे यादी होती, पुस्तकं नव्हती. मूळ डिस्क त्या चौदा महिन्यांत एकदा जरी बसली असती, तर बोलकी पुस्तकं कायमची मुकी झाली असती.

ग्रंथपालबाई खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. त्या दिवसानंतर ‘स्टेपनी’ या शब्दाचा उच्चार वाचनालयात जरा जपून होऊ लागला.

काकांनी मग सगळी व्यवस्था नव्याने लावली. एक नक्कल रोज बारा वाजता आपोआप शेजारच्याच मशीनवर. शिवाय दोन सुट्या डिस्क, आळीपाळीने भरायच्या, त्यातली एक कायम वाचनालयाच्या बाहेर. बाहेर म्हणजे कुठे? तर गावाच्या दुसऱ्या टोकाला काकांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे. त्यांच्या कपाटात स्वेटरांच्या घडीमागे जेवणाचा एक जुना डबा होता, त्या डब्यात डिस्क. दर शुक्रवारी काका ताजी डिस्क घेऊन जात आणि आधीची घेऊन येत. अक्का सगळ्यांना सांगत, “दर शुक्रवारी येतो म्हणून लोक म्हणतात, बहिणीवर काय माया! माया कसली? डबा बदलायला येतो मेला.”

महिन्याचा पहिला शनिवारही परत आला. त्या दिवशी काका अडगळीतला संगणक कोरा करत आणि अक्कांकडून आणलेल्या डिस्कवरून अख्खी साइट त्याच्यावर उभी करत. मग ऑपरेटरबाईंना फोन.

“आज कुठली?”

“दोनशे सात, नऊशे चाळीस, आणि शेवटून तिसरं.”

ती तीन रेकॉर्डिंग काका सुरुवातीला, मधे आणि शेवटी ऐकत. तिन्ही बोलली की वहीत तारीख, सही, आणि संगणक पुन्हा कोरा. “जोडता काय, मोडता काय,” देवघेवीच्या काउंटरवरची ताई म्हणायची, “वाळूचा किल्ला बांधणाऱ्या पोरांत आणि तुमच्यात फरक तो काय?”

“पोरांना किल्ला राहावासा वाटतो,” काका म्हणत.

अशी नऊ वर्षं गेली. मग काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि नंतर आठवडाभर पडद्यासमोर बसायचं नाही असं बजावलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “खुशाल जा. तुमची वही आहे ना? सगळं लिहिलेलं आहे.”

काका समाधानाने घरी आले. जेवायला बसले. दुसऱ्या घासाला हात थांबला. वही आहे खरी. पण ती लावून कुठे बघितली आहे?

दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर जाऊन उभे राहिले. “ताई, दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक तास देशील का?”

ही ताई म्हणजे तिशीची, शिडशिडीत, नुसती मान वर केली की वाचनकक्षातली कुजबुज थांबायची. संगणकाशी तिचा संबंध पुस्तक आलं आणि पुस्तक गेलं इतकाच. काय करायचं आहे ते ऐकून ती दोन पावलं मागे सरली. “काका, माझ्या हातून काही मोडलं म्हणजे?”

“मोडायलाच बसायचंय. तू वही वाच आणि वहीत लिहिलंय तेवढंच कर. मी नाही असं समज.”

“तुम्ही नाही असं समजायला तुम्ही आधी त्या खुर्चीवरून उठा.”

काका उठून भिंतीशी स्टुलावर बसले. ताईने वही उघडली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘मशीन सुरू करून पासवर्ड टाकावा (माहीत आहे).’

“कुणाला माहीत आहे?”

“म्हणजे... मला.”

“मग मी काय करू? तुमच्या स्वप्नात येऊन विचारू?”

काकांनी त्या ओळीसमोर लाल पेनने फुली मारली. दुसऱ्या पानावर दोन फुल्या. तिसऱ्या पानावर ‘निळी वायर’ होती, आणि मशीनच्या मागे निळ्या वायरी तीन होत्या. चौथ्या पानावर ताई हसायलाच लागली.

“‘नंतर यादी व रेकॉर्डिंग नेहमीप्रमाणे जोडून घ्यावे.’ काका, कुणाच्या नेहमीप्रमाणे?”

“अगं, सोपं आहे ते, इथे फक्त...” काका स्टुलावरून उठून माऊसपर्यंत पोचलेसुद्धा.

“हात!” वाचनकक्षात वापरायचा तोच आवाज. काका जागीच थिजले. “भूल दिल्यावर हे हात कुठे असणार आहेत?”

काका परत जाऊन बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तासाभरात अकरा फुल्या झाल्या. साइट काही उभी राहिली नाही. नऊ वर्षं दर महिन्याला जी साइट त्यांनी बिनचूक उभी केली होती, ती त्यांच्या वहीतून उभी राहत नव्हती. ती त्यांच्या बोटांतून उभी राहत होती. बोटं घरी गेली की गाडी पुन्हा माळावर.

त्या संध्याकाळी काकांनी नवी वही आणली आणि पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं. बायको म्हणाली, “अहो, डोळ्याला ताण नको सांगितलंय ना?”

“डोळ्याचा नाहीच ताण. नऊ वर्षांत कधी शब्दांत न सांगितलेलं शब्दांत सांगायचंय, त्याचा आहे.” ‘नेहमीप्रमाणे’ या एका शब्दाची दोन पानं झाली. पासवर्ड बंद पाकिटात घालून ग्रंथपालबाईंच्या खणात गेला आणि पाकीट कुठे आहे ते वहीत आलं. निळ्या वायरीला लाल दोऱ्याची गाठ बसली. अक्कांचा पत्ताही आला.

दुसऱ्या खेपेला तीन फुल्या आल्या. त्यातली एक काकांनी स्वतःच मारली. शेवटच्या पानावर त्यांनी सवयीने लिहिलं होतं: ‘काही अडल्यास मला फोन करावा.’ ते त्यांनी खोडून टाकलं.

“हे का खोडलं? हे एकच तर मला नीट समजलं होतं.”

“फोन घेणारा टेबलावर आडवा पडला असेल तर? किंवा उद्या निवृत्त होऊन लेकीकडे जाऊन राहिला तर? मी लागलो तर ती स्टेपनी कसली?”

तिसऱ्या खेपेला एकही फुली नाही. ताईने डिस्क लावली, वही वाचली, पानं उलटली, आणि पन्नासाव्या मिनिटाला शिंप्याचा आवाज खोलीत घुमला, मागे पंख्यासकट. तिने वही मिटली आणि केस मागे सारले. “झालं?”

“झालं,” काका म्हणाले. आनंद तर झालाच, पण आत कुठेतरी किंचित टोचलंही. इतकं सोपं होतं काय हे?

शुक्रवारी त्यांनी अक्कांकडे ताजी डिस्क पोचवली आणि शनिवारी स्वतः टेबलावर आडवे झाले.

डॉक्टरांनी घरी सोडताना चार गोष्टी सांगितल्या होत्या, बायकोने त्यांच्या अकरा केल्या. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, उजव्या कुशीवर झोपायचं नाही, इथवर ठीक. फोन बायकोच्या ताब्यात, ही मात्र तिची स्वतःची भर. काका काळा चष्मा लावून खिडकीशी बसत आणि दर तासाला विचारत, “कुणाचा फोन?”

“कुणाचा नाही.”

रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवारही गेला. ऑपरेटरबाईंची पहिली बढती कधीच झाली होती; आता पुढच्या बढतीची, त्याच नियमावलीवरची परीक्षा येत्या शनिवारी होती, म्हणजे शेवटची उजळणी आता जोरात असणार. निदान पंख्याची तक्रार तरी यायला हवी होती.

बुधवारी सकाळी अक्का भावाला बघायला आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, मोतीबिंदू झालेल्या आपल्या सगळ्या ओळखीच्यांची यादी सांगून झाली आणि मग सहज म्हणाल्या, “अरे, ती तुमची काउंटरवाली काल येऊन डबा घेऊन गेली हो. गोड मुलगी आहे, पण फार घाईत होती.”

काका ताठ बसले. “काल? काल मंगळवार.”

“मग?”

“डबा शुक्रवारी बदलतो.”

“मला काय माहीत? तिने चिठ्ठीवर सही करून नेला. वहीत तसं लिहिलंय म्हणाली.”

काकांनी मनात हिशोब मांडला. ठरलेला वार सोडून डबा नेला, म्हणजे मशीन गेली. शेजारच्या मशीनवरची नक्कलही गेली, नाहीतर अक्कांपर्यंत यायची वेळच येत नाही. म्हणजे काल दुपारी गावातली गेल्या शुक्रवारपर्यंतची सगळी बोलकी पुस्तकं, चार हजारांहून जास्त, फक्त त्या एका डब्यात होती आणि तो डबा ताईच्या पिशवीत होता. “फोन दे,” ते बायकोला म्हणाले.

“डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांनी फोनचं काही सांगितलेलं नाही. ऑपरेशन डोळ्याचं झालंय, आणि फोन तर कानाने ऐकायचाय!”

बायकोने फोन दिला. वाचनालयाचा नंबर लागेना. काउंटरवर गर्दी असली की ताई फोन बाजूला काढून ठेवते, हे काकांना ठाऊक होतं, तरी त्यांना त्या टूंटूंमध्ये बुधवारचा तो माळ दिसू लागला. कुणीतरी थांबलेलं आहे आणि आपण पोचत नाही. ते उठले, चष्मा नीट केला, चपला घातल्या. बायकोने एकवार तोंडाकडे पाहिलं, आणि अकरातली एकही गोष्ट न आठवता तिनेही चपला घातल्या. “चला. पण बसमध्ये मी सांगेन तिथे बसायचं.”

वाचनालयात नेहमीसारखं होतं. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी तीच चार टाळकी. काउंटरवर ताई कुणालातरी उशिराच्या पुस्तकावरून चार शब्द सुनावत होती. काकांना पाहून तिच्या भुवया वर गेल्या. “काका! तुम्ही इथे कसे? अजून आठवडा व्हायचाय ना?”

“साइट?”

“चालू आहे.”

“काय झालं होतं?”

ताईने हातातलं पुस्तक शिक्का मारून पुढे सरकवलं, समोरच्याला वाटेला लावलं आणि मगच बोलली. काल सकाळी कंपनीकडून नवा माणूस आला होता. जागा मोकळी करायची म्हणून त्याने जुनी समजून चुकीची डिस्क पुसली. रेकॉर्डिंगची. त्याच्या लक्षात येईपर्यंत शेजारच्या मशीनने आपलं काम चोख बजावलं होतं, म्हणजे मुळात आता काही नाही हे पाहून नकलेतूनही सगळं काढून टाकलं होतं.

“मग?”

“मग त्याला घाम फुटला. म्हणाला, आता काही होणं शक्य नाही. मी म्हटलं, तुम्ही जरा बाजूला बसता का? त्या स्टुलावर.” ताईने भिंतीकडे बोट दाखवलं. “हात मांडीखाली.”

काकांनी खुर्चीचा हात धरला.

“बाईंकडून पाकीट घेतलं. रिक्षाने अक्कांकडे गेले, डबा आणला. पान एकपासून सुरू केलं. साडेचारला सगळं उभं होतं. ऑपरेटरबाईंना फोन करून तीन नंबर विचारले, तिन्ही बोलली. सोमवारी पोस्टमास्तरांनी वाचलेलं एक प्रकरण तेवढं गेलं, ते डिस्कवर यायचं होतं. त्यांना पुन्हा वाचायला बसवलं सकाळी. चिडले, पण या वेळी जास्त चांगलं वाचलंय.”

इतकं सगळं झालं आणि आपण खिडकीशी बसून कावळे मोजत होतो. काकांना काय वाटलं ते त्यांचं त्यांनाच नीट कळेना. “अगं पण मला एक फोन तरी करायचास!”

“वहीत नाही लिहिलेलं.”

“म्हणून काय झालं?”

“होतं तसं एक वाक्य. तुम्हीच खोडलंत.”

काकांची बायको पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागली.

ताईने खणातून वही काढली. “एक फुली मात्र आली हां. पान नऊ.” काकांनी चांगला डोळा बारीक करून पाहिलं. अक्कांच्या पत्त्याखाली, त्यांच्या गोल अक्षराशेजारी, एक उभं, टोकदार अक्षर होतं: ‘बेल वाजवू नये. शिवताना अक्कांना ती ऐकू जात नाही. मागच्या बाजूने शिवणयंत्राच्या खिडकीशी जाऊन हात हलवावा.’ काका पहिल्यापासून मागच्या खिडकीशीच जात आले होते. हे लिहायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“अर्धा तास बेल वाजवत उभी होते मी,” ताई म्हणाली. “शेवटी शेजाऱ्यांनी सांगितलं.”

काकांनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. वहीत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचं अक्षर आलं होतं. खाली तारीख होती, वेळ होती, आणि जिथे नऊ वर्षं त्यांची सही येत होती तिथे ताईची सही.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. ताईने उचलला, ऐकला, आणि हसून काकांकडे दिला. “तुमच्यासाठीच आहे असं समजा.”

“ताई,” पलीकडून ऑपरेटरबाई म्हणत होत्या, “कालचं सगळं ठीक आहे, बावीसही धडे तपासले मी. फक्त सातव्यात तो पंखा...”

“वाजतोय ना अजून?” काकांनी विचारलं.

“काका, तुम्ही? आणि उभे कशाला आहात, बसा की!”

काका बसले. “पंखा वाजतोय ना नीट?”

“खर्रखर्र! जसाच्या तसा.”

“मग परीक्षेला निर्धास्त जा,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

परत जाताना बसमध्ये बायको म्हणेल तिथे ते बसले. तीन थांबे त्यांनी खिडकीबाहेर बघतच काढले. शेवटी तिलाच राहवेना. “मनाला लागलं का? विचारलं नाही म्हणून?”

काकांनी काळा चष्मा सारखा केला, पाठ ताठ केली, आणि पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “एवढी साइट पडली, एवढी उभी राहिली, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही!”

पुढच्या माणसाने मागे वळून त्यांचा फुललेला चेहरा पाहिला. त्याला वाटलं, कुणीतरी या गृहस्थाचा सत्कार केलाय.